कामिनीच्या मुठीचं माप

वीज कंपनीत लाइनमनला रबरी हातमोजे मिळतात. प्रेमराज पाटलांना त्यातलं सगळ्यात मोठं माप दिलं तरी ते अंगठ्यापाशीच अडकायचं. "प्रेमभाऊ, तुमच्यासाठी मोजे नकोत, उशीचे अभ्रे मागवू," असं सेक्शनमधले लोक म्हणायचे आणि प्रेमभाऊही हसून घ्यायचे. एकतीस वर्षं खांबावर चढून, तारा ओढून आणि पक्कड पिळून तो हात फुगला, घट्टे पडून राठ झाला. त्या हातानं निम्म्या जळगावात दिवे लावले असतील. घरात मात्र त्या हातानं कधी चहाचं आधणसुद्धा ठेवलं नव्हतं. जेवायला बसायचं, ताट पुढं येईल ते खायचं, आणि आवडलं नाही तर तोंड वाकडं करायचं, एवढीच त्यांची स्वयंपाकातली कामगिरी.

मग दिवाळीनंतरच्या एका सकाळी त्यांची बायको कामिनी पोळ्या लाटता लाटता ओट्याशीच कोसळली. अर्धांगवायूचा झटका. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणंही गेलं. तोंडातून फक्त "हां... हां..." असा आवाज निघायचा, आणि तो होकाराला आणि नकाराला सारखाच असायचा.

पहिले दोन महिने मुलगी सारिका सुरतेहून येऊन राहिली होती. तिनं आईचं सगळं केलं. कामिनी तिच्या हातचं मऊ वरण, पातळ खिचडी वाटीभर खायची. पण सारिकालाही तिचं घर होतं, लेकराची शाळा होती. ती गेली त्या दिवशी कामिनीचं वजन सत्तेचाळीस किलो होतं.

पिंप्राळ्यातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात मग नवरा-बायको दोघंच उरली. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा कामिनीकडं बघायला पुष्पाबाई यायच्या. दवाखान्यात आयाचं काम केलेल्या, शिस्तीच्या. अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं हे सगळं त्या करणार. पण स्वयंपाक करणार नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. पेशंटच्या ताटातलं चाखायचं नाही, हीसुद्धा त्यांची शिस्तच. स्वतःचा डबा त्या घरून आणायच्या.

प्रेमभाऊंची ड्युटी सहा दिवस, सुट्टी रविवारी. फोन आला की जेवण अर्धं टाकून निघायचं, अशी ती नोकरी. रोज दोन वेळा रांधणं त्यांना जमणार नव्हतं. मेसचा डबा लावून पाहिला. त्यावर बोटभर तेलाचा तवंग. डॉक्टरांनी तर तेल कमी, तिखट कमी आणि मीठ एकदम कमी असं बजावलेलं. चार दिवसांत डबा बंद झाला. तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं, रविवारी एकदाच बसायचं आणि आठवड्याचं करून ठेवायचं.

आता करायचं काय, हा प्रश्न होता. सारिकानं सुरतेहून मोबाइलवर व्हिडिओ पाठवले. त्यात एक गोरीगोमटी बाई काचेचे सात डबे ओळीनं मांडून सोमवार ते रविवार असं काहीबाही भरत होती. ब्रोकोली, ऑलिव्हचं तेल, कसलेसे बियांचे दाणे. प्रेमभाऊंनी दोन रविवार ते केलंही. भाजीबाजारात त्यांनी ब्रोकोली मागितली तेव्हा भाजीवाली म्हणाली, "भाऊ, फ्लॉवर हिरवा पडला की आम्ही गुरांना घालतो." ते हसले आणि घेऊन आले. कामिनीनं एक घास घेतला आणि ओठ मिटले.

त्यांच्याकडं कंपनीची जुनी डायरी होती. फॉल्ट कुठं, कारण काय, काम काय केलं, हे लिहायची त्यांना सवय. त्याच डायरीत ते आता स्वयंपाक लिहू लागले. "रविवार. भाजी उकडून. सात डबे. पेशंट: एक घास. कारण: समजले नाही."

गल्लीतल्या बायकांनाही त्यांनी विचारून पाहिलं. सहा फूट उंचीचा, मिशीवाला लाइनमन दारात उभा राहून "ताई, शिळं झालं तरी चांगलं लागेल असं काय असतं हो?" असं विचारतोय म्हटल्यावर बायका आधी पदराआड हसायच्या आणि मग डोळे पुसायच्या. कोणी काही सांगायची, कोणी काही. एकीनं गव्हाची बट्टी सांगितली, ती कामिनीला गिळवेना. दुसरीनं डाळीचं पीठ सांगितलं, ते तिच्या टाळूला चिकटलं.

तेव्हा त्यांना सोनगीरची फुई आठवली. फुई म्हणजे आत्या. भागाबाई तिचं नाव. किल्ल्याच्या पायथ्याशी घर. प्रेमभाऊ लहान असताना तिचे सगळे भाऊ सुगीला लांबच्या मळ्यावर जाऊन राहायचे, आठ-आठ दिवस. त्यांची शिदोरी फुईच बांधायची. आठवड्याचं रांधून ठेवणारी बाई आपल्याच घरात होती आणि आपण मोबाइलात शोधत बसलो, असं म्हणून त्यांनी रजा टाकली आणि धुळ्याची गाडी पकडली.

भागाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "फुनके कर. तूरनी दाळ भिजाड, जाडीभरडी वाट, शेपू टाक, लसून टाक. मुठमा दाबीसन वळ आनि वाफाड. बर्फमा ठेवं तं आठ दिन काही व्हत नही. खावाना टाइमले कढीमा कुसकर. दात नही तेबी खातस."

प्रेमभाऊ डायरीत लिहीत होते. "माप सांग फुई."

तिनं फळीवरून पितळेचं मापटं काढलं. सोनगीरच्याच तांबटानं घडवलेलं, तिच्या सासूच्या वेळचं. "हाई लई जाय. चार मापटा दाळ. तेले एक मूठ मीठ. पन ती बीमार शे, तं अर्धी मूठच टाक. मिरची दोन चिमटी."

त्यांनी शब्दन् शब्द उतरवून घेतला. अर्धी मूठ याच्याखाली दोन रेघा ओढल्या.

पुढच्या रविवारी पहाटे उठून त्यांनी कामाला सुरुवात केली. डाळ भिजवलेली होतीच. मापट्यानं मोजून घेतली, मिक्सरमधून काढली. बरणीत हात घातला, अर्धी मूठ मीठ काढलं, ते डाळीत टाकलं. बोटावर घेऊन चाखलं. अळणी लागलं. पण फुईनं अर्धी सांगितलीय म्हणून वर फक्त एक चिमूट टाकली. मग एक एक फुणका मुठीत दाबून वळला. बत्तीस झाले. चाळणीत वाफवले तेव्हा शेपूचा वास घरभर पसरला आणि खाटेवर पडलेल्या कामिनीनं मान वळवून स्वयंपाकघराकडं पाहिलं. प्रेमभाऊंना वाटलं, जिंकलो.

पहिला घास तिनं आतुरतेनं घेतला. मग चेहरा आक्रसला. घास ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आला. तिनं डावा हात उचलला आणि समोरच्या फळीकडं बोट केलं. "हां... हां..."

प्रेमभाऊंनी फळीवरची पाण्याची बाटली आणली. तिनं मान हलवली. गोळ्यांचं पाकीट आणलं. पुन्हा मान हलवली. चष्मा आणला. तिनं डोळे मिटून घेतले आणि हात खाली टाकला.

असं रोज होऊ लागलं. घास, आक्रसलेला चेहरा, फळीकडं बोट. एक दिवस प्रेमभाऊ तिच्या उशाशी, तिच्या नजरेच्या उंचीला डोकं ठेवून पडले आणि बोटाच्या दिशेनं पाहिलं. फळीच्या वर भिंतीवर तिच्या आईचा फोटो होता. हार घातलेला. फैजपूरची ती माउली जाऊन सहा वर्षं झाली होती.

कामिनी आईकडं जायचं म्हणत होती.

हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. डायरीतही लिहिलं नाही. पण त्या दिवसापासून भरवताना ते तिच्या डोळ्यांकडं बघायचं टाळू लागले. तिनं अन्न सोडलंय, जाणूनबुजून सोडलंय. आणि का सोडू नये? एकतीस वर्षांत आपण तिला काय दिलं? बाहेरच्या फॉल्टला अर्ध्या घासावरून उठून धावलो. ही मात्र रोज आपल्यासाठी थांबायची, तिला कधी विचारलं का, तू जेवलीस का म्हणून? उलट रोजची कुरकुर. "आज काय मीठ संपलं का घरात?" हे तर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. आता ती न बोलता हिशेब चुकता करतेय, असं त्यांना वाटायचं, आणि ते निमूट डबा धुऊन ठेवायचे.

डॉक्टरांनी वजन केलं. एक्केचाळीस. ते म्हणाले, "चाळीसच्या खाली गेल्या तर मला नाकातून नळी घालावी लागेल. तीन आठवड्यांनी या." कामिनीनं ते ऐकलं. तिला ऐकू सगळं यायचं, कळायचंही सगळं. घरी येताना रिक्षात तिनं डाव्या हातानं नाक झाकून धरलं होतं, पार पिंप्राळ्याच्या वळणापर्यंत.

त्या तीन आठवड्यांतले बारा दिवस तसेच गेले. फुणके, कढी, दोन घास, फळी. "पेशंट: दोन घास. कारण: समजले नाही." फोनवर सारिका रडली आणि तिच्याकडून की कोणाकडून, बातमी सोनगीरला पोचली की कामिनीनं अन्न सोडलं.

रविवारी अकराच्या सुमारास दारात रिक्षा थांबली. भागाबाई उतरली. शहात्तर वर्षांची बाई धुळ्याला गाडी बदलून एकटी आली होती. हातातल्या पिशवीत नवं लुगडं होतं. ते कशासाठी आणलंय हे तिनं सांगितलं नाही आणि प्रेमभाऊंनी विचारलं नाही. शेवटची भेट घ्यायला आलेलं माणूस कसं दिसतं, ते त्यांना ठाऊक होतं.

भागाबाई कामिनीजवळ बसली. तिचे केस सारखे केले, गालावरून हात फिरवला. मग म्हणाली, "एकच ताट लाव, प्रेमराज. आम्ही दोन्ही जनी एक ताटमा जेवसूत." घरात कोणी जेवेनासं झालं की मोठ्या बाईनं त्याच्यासोबत एका ताटात बसायचं, ही तिची जुनी रीत.

प्रेमभाऊंनी सकाळीच नवे फुणके केले होते. दोन कुसकरले, त्यावर कढी ओतली, ताट आणून ठेवलं. भागाबाई कामिनीला म्हणाली, "देख पोरी, पयले मी खास, मंग तू खाय." आणि तिनं घास तोंडात घातला.

घास तोंडातच राहिला. म्हातारीनं पदर तोंडाला लावला, तो घास हातात काढला.

"प्रेमराज, आठे ये. हाई कोनी करं?"

"मीच करं फुई. तुना सांगाप्रमाने."

"मीठ कितलं टाकं?"

"अर्धी मूठ. तू सांगं तितलंच. वरथीन एक चिमटी."

"मूठ कोनी?"

मूठ कोणाची, हा प्रश्नच प्रेमभाऊंना कळला नाही. "कोनी म्हंजे? मनी."

भागाबाईनं त्यांचा उजवा हात धरला, उलटा केला, पंजा उघडला आणि त्यावर आपला हात ठेवला. तिची बोटं त्यांच्या तळव्याच्या मध्यापर्यंतच पोचली. तिनं तो हात सगळ्यांना दिसावा असा वर धरला.

"अरे माना बाप, हाई मूठ शे का फावडं? सैपाकमा कोना मुठनं माप ऱ्हास? बायकासना मुठनं! आनि तुले चाखीसन बी समजनं नही?"

समजणार कसं? तीस वर्षांची तंबाखू ओठाखाली. त्या जिभेला मीठ म्हणजे काय ते कधीचंच कळेनासं झालं होतं.

त्याच वेळी कामिनीनं डावा हात उचलला. फळीकडं बोट केलं. "हां... हां..."

प्रेमभाऊंनी मान खाली घातली. "आईकडे जायचं म्हणते ती," ते म्हणाले. "रोज तेच सांगते."

भागाबाई उठली. गुडघ्यावर हात टेकत फळीपाशी गेली आणि कामिनीच्या बोटाकडं बघत फळीवरच्या एकेका वस्तूला हात लावू लागली. बाटली. पाकीट. चष्म्याची डबी. मग फोटोच्या बरोबर खाली, स्वयंपाक झाला की प्रेमभाऊ भिंतीला टेकून ठेवायचे ती चिनी मातीची बरणी. तिला हात लागताच कामिनीच्या घशातून असा आवाज आला की पुष्पाबाईसुद्धा धावत आल्या. कामिनी रडत होती.

बरणीत मीठ होतं.

"कव्हयनी सांगी राह्यनी ती तुले," भागाबाई हळूच म्हणाली. "मरानी गोठ नही करत ती. पोर भुकी शे."

प्रेमभाऊ मागच्या दारी मोरीवर गेले, नळ मोठा सोडला आणि भिंतीला डोकं लावून रडले. लाज वाटली, आणि त्या लाजेच्या खाली इतका आनंद होता की त्याचीही लाज वाटली. ती जायचं म्हणत नव्हती. ती जेवायला मागत होती. इतके दिवस, रोज दोन वेळा, ती सरळ सरळ दुरुस्ती सांगत होती आणि आपण तारेऐवजी आभाळाकडं बघत बसलो.

आणि मग त्यांना ती वाटी आठवली. स्टीलची, लहानशी, मिठाची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हापासून त्यांच्या ताटाच्या उजव्या बाजूला ती वाटी असायची. स्वयंपाक कामिनी आपल्या मुठीनं करायची, घराला सोसेल असा. त्यांच्या बधिर जिभेसाठी शेजारी वाटी ठेवायची. त्यांनी कुरकुर केली की ती काही न बोलता वाटी पुढं सरकवायची. इतकी वर्षं ते वरून मीठ घेत होते आणि त्यांना वाटायचं, बायकोला मिठाचा अंदाज नाही.

त्या दिवसाचा सगळा स्वयंपाक त्यांनी मागं खड्डा करून पुरला. संध्याकाळी पुन्हा डाळ वाटली. भागाबाईला वाटलं आता मीठ टाकायला आपल्याला हाक येईल, म्हणून ती पदर खोचून तयार बसली होती. पण प्रेमभाऊंनी चाकाची खुर्ची ढकलत कामिनीला ओट्याशी आणलं. साडेतीन महिन्यांनी ती त्या जागी आली होती. तिनं ओट्यावरून हात फिरवला, शेगडीच्या कडेला सांडलेली डाळ बोटानं निपटली आणि नवऱ्याकडं नाराजीनं पाहिलं.

त्यांनी बरणी तिच्यासमोर धरली. "तुझ्या मुठीनं," ते म्हणाले.

तिचा डावा हात बरणीत गेला. लग्नात बांगडीवाल्यानं ज्याला दोन-दोनचं लहान माप काढलं होतं तो हात, आता त्याहून बारीक झालेला. मूठ मिटली, बाहेर आली. तिनं ती जराशी सैल केली आणि निम्मं मीठ परत बरणीत सोडलं. उरलेलं डाळीवर भुरभुरलं. मग तळव्याला चिकटलेले खडे प्रेमभाऊंच्या बाहीला पुसले, कारण पदरापर्यंत दुसरा हात जात नव्हता.

प्रेमभाऊंनी फुणके वळले, पण तेही आता लहान, दोन बोटांत मावतील असे. कामिनी त्या रात्री दीड फुणका आणि वाटीभर कढी जेवली. भागाबाई समोर बसून तिचा घास न् घास मोजत होती. दुसऱ्या दिवशी ती सोनगीरला परत निघाली, आणि पिशवीतलं लुगडं कामिनीच्या पायावर पांघरून म्हणाली, "घरमा नेसाले शे."

डायरीत त्या रविवारची नोंद आहे. "चार मापटी डाळ. मीठ: कामिनीची डावी मूठ, अर्धी. कारण: समजले."

त्यांनी स्वतःला एक शिक्षाही लावून घेतली. मिठाची वाटी शोधून काढली, घासली, भरली आणि जेवायच्या टेबलावर ठेवली. तिला हात मात्र लावायचा नाही. कामिनी जे जेवते तेच जेवायचं, तसंच, जन्मभर. नऊ दिवस ते अळणी फुणके अळणी कढीत कुसकरून खात राहिले आणि छान झालंय म्हणत राहिले. तंबाखूही सोडून पाहिली, तीन दिवस टिकली.

तपासणीच्या दिवशी कामिनी काट्यावर बसली तेव्हा प्रेमभाऊंनी तिच्याकडं पाहिलं नाही, डॉक्टरांच्या बोटाकडं पाहिलं. चाळीस किलो तीनशे ग्रॅम. मधल्या दिवसांत ती किती खाली गेली होती आणि तिथून किती वर आली, ते कोणाला कळणार नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "अजून काठावरच आहेत. पण खातायत म्हणता, तर नळी नको. महिनाभर बघू." कामिनीनं नाकावरचा हात काढला.

दुपारी घरी येऊन दोघं टेबलाशी बसली. पुष्पाबाईंना त्यांनी सुट्टी दिली होती. कामिनी आता चमचा डाव्या हातानं स्वतः धरायची, निम्मं सांडायचं, निम्मं तोंडात जायचं. प्रेमभाऊंनी आपला फुणका कुसकरला, कढी घेतली, घास तोंडात घातला.

"छान झालंय," ते म्हणाले.

कामिनी त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं चमचा खाली ठेवला. हात लांब केला. वाटीपर्यंत तो पोचेना, म्हणून तिनं खुर्चीतल्या खुर्चीत अंग पुढं रेटलं. दोन बोटं वाटीच्या काठाला लागली. टेबलावरून खर्रर आवाज करत, थांबत थांबत तिनं ती वाटी ओढली आणि त्यांच्या ताटाच्या उजव्या बाजूला आणून ठेवली.

"हां," ती म्हणाली.

प्रेमभाऊंनी चिमूटभर मीठ घेतलं, कढीवर घातलं आणि जेवू लागले.